न दुखणारा व्रण : मुखारोग्य आणि गुप्तरोगांचा प्रतिबंध

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा आरोग्यविषयक लेख लिहून द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. न्यासाच्या धर्मार्थ दवाखान्यात दर रविवारी दात तपासण्याचे काम गेली बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे, दात कसे घासावेत आणि कीड कशी टाळावी एवढेच मी लिहीन, अशी त्यांची कल्पना होती. मी विषय सांगितला तेव्हा ते जरा थबकले. "स्मरणिका घरोघर जाते, सुना-मुली वाचतात," असे ते म्हणाले. मी म्हटले, "म्हणूनच लिहितो." थोड्या विचारांती त्यांनी संमती दिली, मात्र भाषा सभ्य असावी अशी अट घातली. ती अट मला मान्य आहे. सभ्य भाषेत सांगता येणार नाही असे या विषयात काहीच नाही. संकोचामुळे जे सांगायचे राहून जाते, त्यानेच खरे नुकसान होते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून प्रथम ती चूकच सांगतो.

एक जुनी चूक

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रोग्याची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. फिरतीची नोकरी करणारे एक तिशीतले गृहस्थ माझ्याकडे आले. जिभेच्या कडेला वाटाण्याएवढा एक व्रण होता. "दुखत काहीच नाही डॉक्टर, पण दोन आठवडे झाले, जात नाही," असे ते म्हणाले. शेजारच्या दाढेची कड थोडी धारदार होती. ती मी घासून गुळगुळीत केली, लावायला औषध दिले आणि पुन्हा दाखवावयास सांगितले. पंधरवड्याने व्रण नाहीसा झाला. त्यांनी मला धन्यवाद दिले आणि मीही ते स्वीकारले.

पुढे दीड-दोन महिन्यांनी ते आपल्या मुलाचा दात काढून घेण्यासाठी आले. फीचे पैसे टेबलावर ठेवताना त्यांच्या तळहाताकडे माझे लक्ष गेले. त्यावर तांबूस तपकिरी चट्टे होते. खाज नाही, वेदना नाही. त्याच क्षणी मला तो जिभेवरचा व्रण आठवला आणि पोटात धस्स झाले. रक्ततपासणीत उपदंश निघाला. त्यांच्या पत्नीला तिसरा महिना होता. तिचीही तपासणी केली. तीही बाधित होती.

जिभेवरचा तो व्रण आपोआप बरा झाला होता. माझ्या औषधाने किंवा दाढ घासल्याने नव्हे. उपदंशाचा पहिला व्रण असाच येतो आणि असाच जातो. पहिल्या भेटीत त्या गृहस्थांनी मला विचारले होते, "हे कशाने झाले असेल?" ते विचारताना त्यांची नजर खाली होती. मी दोन प्रश्न विचारले असते तर त्यांनी बहुधा सांगितलेही असते. पण मध्यमवर्गीय, कुटुंबवत्सल माणसाला असले प्रश्न कसे विचारायचे, या संकोचाने मी ते विचारले नाहीत. त्या संकोचाची किंमत त्यांच्या पत्नीला आणि पोटातल्या बाळाला मोजावी लागली असती. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

तोंड हे शरीराचे दार

आपण तोंडाचा विचार करतो तो दातांपुरता. परंतु ओठांच्या आतील बाजूपासून घशापर्यंतचा सर्व भाग एका मऊ, ओलसर अस्तराने मढवलेला असतो. हे अस्तर अखंड असेल तर रोगजंतूंना सहसा आत शिरता येत नाही. लाळेतही जंतूंना अटकाव करणारे पदार्थ असतात. पण हिरड्या सुजून रक्त येत असेल, दाताच्या टोकाने गाल चावला गेला असेल, तोंड आले असेल, किंवा सुपारी-तंबाखूने अस्तर सोलवटले असेल, तर त्या कुंपणाला भगदाडे पडतात. म्हणून मुखारोग्य आणि संसर्गजन्य रोग हे दोन विषय वाटतात तेवढे एकमेकांपासून दूर नाहीत.

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांना आपल्याकडे गुप्तरोग म्हणतात. हे रोग जननेंद्रियांपुरतेच असतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. ज्याला वैद्यकात मुखमैथुन म्हणतात, त्या मार्गाने यांतील बहुतेक रोग तोंडात व घशात जातात आणि तोंडातून दुसऱ्याच्या जननेंद्रियांकडेही जातात. काही थोडे रोग चुंबनानेही लागतात. पतिपत्नींनी खाजगीत कसे वागावे हे सांगण्याचा अधिकार दंतवैद्याला नाही आणि मला तो नकोही आहे. पण 'त्यात गर्भ राहण्याचे भय नाही, म्हणजे काहीच भय नाही' असे जे तरुण मानतात, त्यांना खरे काय ते कळले पाहिजे.

फिरंग रोग आणि त्याची कहाणी

या रोगांत इतिहासाने सर्वांत गाजलेला तो उपदंश. लोक त्याला गरमी म्हणतात. १४९५ च्या सुमारास इटलीत नेपल्सच्या स्वारीच्या वेळी युरोपात त्याची मोठी साथ उसळली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन 'फिरंग रोग' या नावाने केले. बाह्य, आभ्यंतर आणि दोन्ही मिळून असे त्याने त्याचे तीन प्रकार सांगितले. रोग कोठून आला याची खूण त्याच्या नावातच राहून गेली आहे.

भावमिश्राने त्यावर रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचे औषध, आणि चोपचिनी सांगितली. पाऱ्याने तोंड येते, लाळ गळते, हिरड्या सडतात व दात हलू लागतात. म्हणून रसकर्पूर कणकेच्या गोळीत घालून, दाताला स्पर्श होऊ न देता गिळावे, अशी दक्षता त्याने सांगून ठेवली आहे. युरोपातही पुढील चारशे वर्षे पाराच वापरीत. रोग एका बाजूने तोंड खाई आणि औषध दुसऱ्या बाजूने.

या रोगाचा मळसूत्री जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी शोधून काढला. खरे औषध सापडले ते १९४३ साली. त्या वर्षी अमेरिकेत महोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलीन देऊन रोग बरा होतो असे दाखविले. पुढे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्या देशातच तयार होऊ लागले. आजही उपदंशावर पेनिसिलीन हेच पहिले औषध आहे. इतक्या वर्षांत या जंतूला पेनिसिलीनला दाद न देण्याची कला साधलेली नाही, ही आपल्या भाग्याची गोष्ट होय.

उपदंशाची तोंडातील लक्षणे तीन अवस्थांत दिसतात. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (दहा ते नव्वद दिवसांत केव्हाही) जेथून जंतू शिरला त्या जागी, म्हणजे ओठ, जीभ, टाळू किंवा टॉन्सिल येथे, कडक कडांचा व न दुखणारा व्रण उठतो. जवळच्या गाठी सुजतात. तीन ते सहा आठवड्यांत तो व्रण औषधाशिवाय बरा होतो, आणि रोगी निर्धास्त होतो. त्यानंतर काही आठवड्यांनी ताप, अंगावर चट्टे, विशेषतः तळहात व तळपायांवर, आणि तोंडात करड्या-पांढऱ्या रंगाचे ओलसर चट्टे ही दुसरी अवस्था येते. हे चट्टे अतिशय संसर्गजन्य असतात. या काळात चुंबनानेही रोग लागू शकतो. तेही आपोआप मावळतात. मग रोग वर्षानुवर्षे दबा धरून बसतो, आणि उपचार न झालेल्यांपैकी काहींना पुढे हृदय, मेंदू यांना इजा पोचते किंवा टाळूला भोकही पडते.

गर्भवती स्त्रीला हा रोग असेल तर गर्भपात होतो, मूल मृत जन्मते किंवा रोग घेऊन जन्माला येते. अशा मुलाचे कायमचे पुढचे दात खाच पडलेले, वरून अरुंद असे येतात. हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हचिन्सनचे दात म्हणतात. बापाची चूक मुलाच्या दातांवर लिहिली जाते, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

इतर रोग

परमा : याचा जंतू १८७९ साली नायसर यांनी शोधला. लघवीच्या जागी तो झाला की जळजळ व पू यांमुळे रोगी डॉक्टरकडे धावतो. पण तोच जंतू घशात बसला तर बहुधा काहीच लक्षण दिसत नाही. फार तर घसा थोडा खवखवतो आणि माणूस हळद-मिठाच्या गुळण्या करून विसरून जातो. घशातील परमा औषधाला लवकर दाद देत नाही. शिवाय घशात राहणाऱ्या इतर निरुपद्रवी जंतूंकडून औषधांना न जुमानण्याचे गुण तो उचलतो. त्यामुळे जुनी अनेक औषधे आज निकामी झाली आहेत. सध्या सेफ्ट्रायॅक्झोन हे इंजेक्शन देतात आणि एक-दोन आठवड्यांनी घशाची पुन्हा तपासणी करतात. स्वतःच्या मनाने औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून घेणे म्हणजे या रोगाला शिकवणी देण्यासारखे आहे.

हर्पिस : ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा जो पुंजका उठतो, तो याचाच. कमरेभोवती उठणारी नागीण हा वेगळा विषाणू. दोहोंत गल्लत करू नये. ओठावरचा हर्पिस बहुतेकांना लहानपणीच घरच्या माणसांच्या मुक्यांतून लागलेला असतो. जगातील पन्नाशीच्या आतील सुमारे दोन-तृतीयांश माणसांच्या शरीरात तो असतो. तेव्हा ओठावर फोड दिसले म्हणून कोणाच्या चारित्र्यावर संशय घेणे हा शुद्ध अन्याय आहे. मात्र फोड असताना मुखमैथुन केल्यास तो जोडीदाराच्या जननेंद्रियांत जातो, आणि नवजात बालकाचा मुका घेतल्यास त्याच्या जिवावर बेतू शकते. बारशाला येणाऱ्या आत्या-मावश्यांनी एवढे लक्षात ठेवावे. हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत कायम राहतो. ॲसायक्लोव्हिरसारख्या औषधांनी त्याचा जोर कमी होतो, पण तो समूळ जात नाही.

ह्यूमन पॅपिलोमा विषाणू : डॉक्टर मंडळी याला एच.पी.व्ही. म्हणतात. याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. काहींनी केवळ मस उठतो. पण सोळा क्रमांकाच्या जातीमुळे स्त्रियांच्या गर्भाशयमुखाचा आणि स्त्रीपुरुष दोघांच्याही टॉन्सिल व जिभेच्या मुळाचा कर्करोग होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी या विषाणूचा संबंध दाखविणाऱ्या झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घशातील एच.पी.व्ही. बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांच्यापैकी थोड्यांना पुढे धोका असतो.

कावीळ ब आणि एच.आय.व्ही. : कावीळ ब चा विषाणू रक्तात व लाळेतही असतो. रक्त लागलेला दुसऱ्याचा टूथब्रश किंवा वस्तरा वापरल्याने तो लागू शकतो. एच.आय.व्ही. मात्र लाळेने पसरत नाही. मुखमैथुनातून त्याचा धोका अन्य संबंधांच्या मानाने फारच कमी आहे. परंतु तोंडात व्रण असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो वाढतो. एच.आय.व्ही.ची पहिली खूण कधीकधी दंतवैद्यालाच दिसते. तरुण, एरव्ही धडधाकट माणसाच्या तोंडात दह्यासारखा पांढरा बुरशीचा थर दिसला, तर आम्ही तपासणी सुचवितो. तो त्या माणसावर ठपका ठेवण्याचा प्रकार नसतो. वेळेवर निदान झालेला रोगी आज नियमित औषधे घेऊन पूर्ण आयुष्य जगू शकतो, आणि ही औषधे सरकारी केंद्रांत २००४ सालापासून विनामूल्य मिळतात.

काय केल्याने हे रोग होत नाहीत

एका ताटात जेवल्याने, एका भांड्याने पाणी प्यायल्याने, शेजारी बसल्याने किंवा संडास वापरल्याने उपदंश, परमा किंवा एच.आय.व्ही. होत नाही. हे जंतू शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाहीत. एखाद्या घरी असा रोगी निघाला की त्याचे कपबशी-ताट वेगळे काढण्याची रीत मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. तिने रोगी खचतो, पण कोणाचाही बचाव होत नाही. मात्र टूथब्रश आणि वस्तरा प्रत्येकाचा वेगळा असावा.

बचाव कसा करावा

पहिला आणि भरवशाचा उपाय म्हणजे दोघांनीही तपासणी करून घेऊन परस्परांशी एकनिष्ठ राहणे. ज्यांना हे शक्य नाही किंवा जे तसे वागत नाहीत, त्यांनाही ज्ञान नाकारू नये. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविणाऱ्या र. धों. कर्वे यांनी अशाच गोष्टी स्पष्ट लिहिल्या, म्हणून त्यांच्यावर खटले झाले. आज कोणी खटला भरीत नाही. तरीही आपण बोलत नाही.

मुखमैथुनाच्या वेळीही निरोध वापरावा. स्त्रीच्या बाबतीत पातळ रबराचा चौकोनी पडदा मिळतो. तो न मिळाल्यास निरोध उभा कापून पसरल्यास तेच काम होते. ओठावर किंवा तोंडात व्रण, फोड, चट्टा असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, किंवा नुकताच दात काढला असेल, तर तोंड पूर्ण बरे होईपर्यंत असा संबंध टाळावा. जोडीदाराच्या अंगावर तसे काही दिसल्यासही टाळावा. पुष्कळजण स्वच्छता म्हणून त्याआधी जोराने दात घासतात किंवा दातांतून दोरा फिरवितात. हे उलट हानिकारक आहे. त्याने हिरड्यांना बारीक जखमा होतात. वाटल्यास साध्या पाण्याने चूळ भरावी. नंतर जंतुनाशक औषधाच्या गुळण्या केल्याने रोग टळतो असे मात्र समजू नये.

दुसरा उपाय लशींचा. कावीळ ब ची लस हल्ली बालकांना सरकारी लसीकरणातच देतात. ज्या प्रौढांनी ती घेतली नसेल त्यांनी आजही घ्यावी. ही लस पूर्वी परदेशाहून येई व फार महाग असे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती आपल्या देशात तयार केल्यावर ती सामान्यांच्या आवाक्यात आली. एच.पी.व्ही.वरील सर्व्हाव्हॅक ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविली असून २०२२ साली तिला परवानगी मिळाली. सोळा व अठरा या दोन्ही घातक जातींपासून ती संरक्षण देते. नऊ ते सव्वीस वर्षांच्या मुलींना आणि मुलांनाही ती देता येते. चौदा वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा पुरतात. त्यापुढे तीन लागतात. लस लवकर द्यावी असे म्हटले की आईबाप बिचकतात. मुलीला गोवराची लस आपण तिला गोवर यावा म्हणून देत नाही. ही लसही तशीच समजावी.

तिसरा उपाय म्हणजे दातांची रोजची निगा. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने, मऊ ब्रशने, हलक्या हाताने दोन मिनिटे दात घासावेत. तीन-चार महिन्यांनी, किंवा केस वाकताच, ब्रश बदलावा. राख, कोळसा, मिठाची भरड यांनी दात झिजतात आणि हिरड्या सोलतात. हिरड्यांतून रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. रक्त येते ते बहुधा कीटण साचल्यामुळेच. वर्षातून एकदा तरी दंतवैद्याकडून ते साफ करून घ्यावे; त्याने दात ढिले होतात हा खुळा समज आहे. मधुमेही माणसाने तर हिरड्यांची अधिकच काळजी घ्यावी.

याच संदर्भात तंबाखूचे बोलणे टाळता येत नाही. आपल्या जुन्या घरांतल्या बायकांची मशेरी, इकडे गुजराथेत येऊन लागलेली तपकीर घासण्याची सवय, आणि बडोद्याच्या पानपट्टीवर चोळून मिळणारा मावा, ही सारी एकाच माळेतील आहेत. आपल्या देशात तोंडाचा कर्करोग मुख्यतः तंबाखू व सुपारीनेच होतो. केवळ सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. सुपारीने गालाचे अस्तर ताठर होते, तोंड उघडेनासे होते, आणि झणझणीत आमटीचा घासही सोसत नाही. असे तोंड दुसऱ्या कोणत्याही संसर्गालाही दार मोकळे ठेवते.

आणखी एक. रस्त्याच्या कडेला बसून दात काढणाऱ्यांकडे स्वस्त म्हणून जाऊ नये. हत्यारे दाबाच्या वाफेत, १२१ अंश उष्णतेवर निर्जंतुक केलेली असली पाहिजेत. "हत्यारे निर्जंतुक केलीत का?" असे आपल्या दंतवैद्याला विचारण्यात अपमान काहीच नाही. मला कोणी विचारले तर मी यंत्र उघडून दाखवितो.

संशय आल्यास

तोंडातला कोणताही व्रण, दुखरा असो वा नसो, दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर तो दाखवावाच. तो उपदंश असेल, कर्करोगाची सुरुवात असेल किंवा नुसती दाताची टोचही असेल. डोळ्यांनी पाहून घरबसल्या ते ठरत नाही. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचा दीर्घकाळचा घसा, तळहातावरचे चट्टे, याही खुणा समजाव्यात. 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद आणि सब्जा घेत महिना घालवू नये.

डॉक्टरांना खरे सांगावे. तोंडाचा संबंध आला होता हे न सांगितल्यास ते घशाची तपासणी करणार नाहीत आणि लघवीच्या तपासणीत काही निघाले नाही म्हणून तुम्हाला निरोगी ठरवतील. उपदंशाची रक्ततपासणी अगदी पहिल्या दिवसांत निर्दोष येऊ शकते. म्हणून संशय असल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. एच.आय.व्ही.साठीही तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी लागते. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये या रोगांची तपासणी व उपचार होतात; १०९७ या क्रमांकावर फोन करून माहितीही मिळते. एच.आय.व्ही.ची तपासणी संमतीवाचून करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

सर्वांत अवघड भाग जोडीदाराला सांगण्याचा. नवरा गुपचूप इंजेक्शन घेऊन येतो, बायकोला काही सांगत नाही, आणि महिन्याभराने तिच्याकडूनच त्याला रोग पुन्हा लागतो. उपचार दोघांचेही एकाच वेळी झाले पाहिजेत. सांगण्याचे धैर्य नसेल तर डॉक्टरांसमोर सांगावे. आम्ही मध्यस्थी करतो. न्यायनिवाडा करीत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले

त्या गृहस्थांनी माझ्या खोलीत, माझ्या व एका ज्येष्ठ त्वचारोगतज्ज्ञांच्या समोर, पत्नीला सर्व सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला, "बाळाचे काय?" पेनिसिलीन वेळेवर, म्हणजे प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी, दिले तर बाळ वाचते, असे तज्ज्ञांनी सांगितले. दोघांनाही इंजेक्शने दिली. पहिल्या दिवशी तिला ताप आला, तोही उतरला. मुलगी झाली, निरोगी झाली. तिचे कायमचे पुढचे दात फुटले तेव्हा मी स्वतः भिंग लावून ते पाहिले. सरळ, पूर्ण, खाच नसलेले दात होते. तिची आई समोरच्या खुर्चीत बसली होती. आम्ही दोघे काय पाहत होतो ते त्या मुलीला ठाऊक नव्हते, आणि तिला ते कधी ठाऊक होण्याचे कारणही नाही.

त्या दिवसापासून न दुखणारा व्रण घेऊन आलेल्या प्रत्येक रोग्याला, तो कितीही प्रतिष्ठित असो, मी दार लावून ते दोन प्रश्न विचारतो. बहुतेकजण रागावत नाहीत. कोणीतरी विचारले म्हणून त्यांना हायसे वाटते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्या बडोद्यात आपण राहतो. वाचता येणाऱ्या समाजाने आपल्या शरीराविषयीही वाचावे आणि मुलामुलींना योग्य वयात सांगावे, एवढीच विनंती. न्यासाने दवाखान्यात महिन्यातून एक संध्याकाळ अशा खाजगी सल्ल्यासाठी राखून ठेवावी, असे मी विश्वस्तांना सुचवीत आहे. ती वेळ विनावेतन देण्याचे मी येथे जाहीरपणे कबूल करतो. संस्थेचा उत्तरोत्तर उत्कर्ष होवो.